खरवसाच्या डब्याचं झाकण

आमच्या घरात खरवसाला आजवर कुणी नको म्हटलेलं नाही. पप्पांना शुगर आहे, पण खरवसाचा डबा उघडला की त्यांची शुगर रजेवर जाते. शेवटच्या वडीवरून माझं नि त्यांचं दर वेळी भांडण होतं. म्हैस व्याली की पहिले दोन-तीन दिवस जे घट्ट पिवळं दूध येतं तो चीक, आणि त्या चिकाचा खरवस, हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तरी मी मुद्दाम लिहून ठेवते. कारण पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल, ह्या घरातल्या लोकांना हे कुणी सांगितलंच नसावं.

मी धम्मप्रिया. दहावी ब. दिवाळीपर्यंत मी इतकी लाजाळू होते की पाहुणे आले की गच्चीवर पळायचे. मग शाळेच्या गॅदरिंगला माइक बंद पडला. सूत्रसंचालन ऐन वेळी माझ्या गळ्यात आलेलं, कारण जिच्याकडे होतं तिचाच गळा बसलेला. समोर सहाशे पोरं शिट्ट्या मारायलेली. मला काय झालं काय माहीत, पोटातून असा आवाज काढला की शेवटच्या रांगेतली पोरं सरळ बसली. दोन तास बिनमाइकचं ओरडले. तेव्हापासून मला कुणाची भीती वाटत नाही. मम्मी म्हणते, "त्या मेल्या माइकनं वाटोळं केलं आमचं."

माझे पप्पा हायस्कूलच्या प्रयोगशाळेत सहायक आहेत. पण वस्तीत सगळे त्यांना दिपक सर म्हणतात, कारण बुधवार पेठेत कुठलीही जयंती असो, भाषण त्यांचंच. भाषण एकच आहे. "बंधूंनो, आपण देव सोडले, गंडेदोरे सोडले. आता कुणी थोर माणूस सांगतो म्हणून काही मानू नका. तपासा! पटलं तरच घ्या!" इथं ते टेबलावर मूठ आपटतात. लहानपणी मी त्या मुठीवर फिदा होते. ती किती पाण्यात आहे हे मला गेल्या महिन्यात कळलं.

गेल्या महिन्यात माझ्या ताईला, म्हणजे बुद्धप्रियाला, मुलगी झाली. ताई बी.एस्सी. आहे. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न वैरागला झालं. प्रदीप दाजी कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात कामाला आहेत, आठवड्याने घरी येतात. घरी राज्य सासूचं, नागूबाईंचं. ताई त्यांना आत्या म्हणते. माणूस तसा वाईट नाही. पण त्यांना आयुष्यात कुणी "का?" असं विचारलेलंच नाही, त्यामुळे त्यांच्या सगळ्या उत्तरांना गंज चढलाय.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ताई आठव्या महिन्यात आमच्याकडे आली. अंगात रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, आठ. चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा. शुक्रवारी सकाळी सरकारी दवाखान्यात ती मोकळी झाली. बाळ दोन किलो शंभर ग्रॅम. मी चार वाजता शाळेतून थेट गेले, तेव्हा ते मम्मीच्या मांडीवर एखाद्या रुसलेल्या म्हातारीसारखं तोंड करून झोपलं होतं.

वॉर्डात दाक्षायणी सिस्टर होत्या. अक्कलकोटकडच्या, आवाज माझ्याइतकाच मोठा. त्यांनी आमच्यासमोर बोट नाचवून सांगितलं, "सकाळी मी स्वतः अंगावर लावलंय बाळाला. आता दर दोन तासांनी लावायचं. बाळ बारीक आहे. पहिलं पिवळं दूध येतंय ना, ते म्हणजे बाळाची पहिली लस. वरचं काही द्यायचं नाही. मध नाही, साखरपाणी नाही. कळलं की नाही?"

"व्हय सिस्टर," सगळे म्हणाले. पप्पांनी तर अशी मान डोलावली, जणू हा शोध त्यांनीच लावलाय.

सिस्टर पाठमोऱ्या झाल्या आणि दारातून नागूबाई आल्या. वैरागच्या एसटीतून उतरून थेट. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात स्टीलचा उभा डबा. "म्हस व्याली की ओ आपली! म्हटलं बाळंतीण हितं, म्हस तितं, दोगींचं येकदमच." डबा उघडला. आत खरवस. वेलदोड्याचा वास अख्ख्या वॉर्डात गेला. शेजारच्या खाटेवर लेकीपाशी बसलेल्या केराबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईनेसुद्धा मान वर केली.

"खावा. लई ताकद आसती चिकात," नागूबाई म्हणाल्या. "हाडं लोखंडाची व्हत्यात. आमचं रेडकू बगा, आचळाला लावलं की तासात उभं राहिलं."

मी दोन वड्या एकदम तोंडात कोंबल्या. हे मी लपवणार नाही.

मग नागूबाईंनी पदर खोचला, डब्याचं झाकण घेतलं, ताईच्या खाटेवर बसल्या, पडदा ओढला आणि म्हणाल्या, "आण हिकडं. पैला चीक काढून टाकायचा. नऊ म्हैने साठलेलं नासकं आसतं त्ये. रंग बगा की कसा, पू गत. पोराच्या पोटात गेलं म्हंजी मुरडा."

आणि त्यांनी ताईचा चीक पिळून त्या झाकणात घेतला. खरवसाच्या डब्याच्या झाकणात. खाली डब्यात म्हशीचा चीक, साखर-वेलदोडा घालून. वर झाकणात माझ्या बहिणीचा चीक, नासका. नागूबाई उठल्या आणि कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये त्यांनी तो ओतला. वर पाणी सोडलं. "मुंगी लागू द्यायची न्हाय, न्हाईतर दूध आटतं," असंही वर ज्ञान दिलं.

माझ्या तोंडात खरवस होता, म्हणून मी तेवढी दोन मिनिटं गप्प होते. ह्याची मला अजून लाज वाटते.

गिळल्या गिळल्या मी बोलले. "पण सिस्टर आत्ताच म्हणाल्या की! आणि तुम्हीच म्हणालात, चिकात ताकद असते!"

"त्यो म्हशीचा," नागूबाई म्हणाल्या. मी म्हैस आणि माणूस ह्यातला फरक न समजणारी आहे अशा नजरेने त्यांनी बघितलं.

मी पप्पांकडे वळले. तपासा, पटलं तरच घ्या, टेबल, मूठ. पप्पांनी घसा साफ केला. वैरागची विहीण समोर. दोन वर्षांपूर्वी लग्नात ह्याच बाईने "हुंडा नगं, पोरगी शिकल्याली हाय त्येच लई" असं म्हणून पप्पांना कायमचं विकत घेतलंय. पप्पा म्हणाले, "धम्मे, विहीणबाईंनी पाच बाळंतपणं बघितलीत. थोरांचा अनुभव असतो. तू घरी जा, अभ्यास कर."

"मग श्रद्धा कशाला म्हणतात?"

"ही श्रद्धा नाही. हा अनुभव."

बघा. देव सोडले, गंडेदोरे सोडले आणि बेसिन धरलं.

मम्मीने मला डोळ्यांनी दाबलं. मी ताईकडे बघितलं. ताई बी.एस्सी., जीवशास्त्र. ती खिडकीबाहेर बघायली होती. बाहेर काय, तर पाण्याची टाकी. मला तिचा इतका राग आला की जाताना मी तिच्याशी बोललेसुद्धा नाही. मनात म्हटलं, डिग्री त्या टाकीत बुडव.

शनिवारी आमची सकाळची शाळा. साडेअकराला सुटले, तशीच युनिफॉर्ममध्ये दवाखान्यात. पप्पा आधीच आलेले, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, कारण संध्याकाळी कुठल्याशा हॉलमध्ये भाषण. खाटेच्या कडेला मधाची बाटली. वाटीत साखरपाणी, त्यात कापसाचा बोळा. रात्रीच्या सिस्टरनी पाजलं का म्हणून विचारलं होतं म्हणे, आणि सगळ्यांनी एका सुरात "व्हय" म्हटलं होतं. आमच्या कुटुंबात एकी नाही असं कोण म्हणेल?

नागूबाई कौतुकाने म्हणाल्या, "लई गुणाची पोर ओ! सकाळधरनं हूं न्हाय का चूं न्हाय. आशी शांत पोर म्या बगितली न्हाय."

मी बाळाला घेतलं. ते हातात असं पडलं जसं उन्हात राहिलेलं रबर. तळव्याला टिचकी मारली. पाय हलला, पण रडणं नाही. ओठ कोरडे. लंगोट सोडला. कोरडा खडखडीत.

"मम्मी, लंगोट कधी बदलला?"

"काल संध्याकाळी. मग ओला झालाच नाही गं. बरंय की, धुणं वाचलं."

धुणं वाचलं! मी माझ्या आईवर खूप प्रेम करते, पण हे वाक्य मी तिला म्हातारपणीसुद्धा ऐकवणार आहे.

आणि तेवढ्यात नागूबाई पुन्हा तेच झाकण घेऊन खाटेवर बसल्या. कालपासून चौथ्यांदा. पिळलं. झाकणात दोन चमचेभर पिवळंधमक साठलं. त्या उठून बेसिनकडे निघाल्या.

मी मध्ये उभी राहिले. हात आडवे.

"दिपकराव, बाजूला व्हायला सांगा पोरीला," नागूबाई पप्पांना म्हणाल्या.

मग मी तो पोटातला आवाज काढला. गॅदरिंगवाला.

"खरवस कशाचा होतो?"

अख्खा वॉर्ड वळला. बारा खाटा, बारा बाळंतिणी, त्यांच्या आया, सासवा, मावश्या.

"धम्मे, हळू. दवाखाना आहे," पप्पा कुजबुजले.

"खरवस कशाचा होतो, सांगा की कुणीतरी!"

"चिकाचा," केराबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं असेल, पुन्हा खरवस वाटायलेत.

"तो आपण वाटून खातो का नाही? आमच्या घरी तर भांडून खातो! रेडकाला पहिल्या तासात आचळाला लावतो. आणि माणसाचं लेकरू कालपासून मध चाटतंय, आणि त्याचा चीक बेसिनला! म्हणजे आमच्या घरात बेसिनची हाडं लोखंडाची होणार!"

दोन-तीन बायका फिसकन हसल्या. नागूबाईंचा चेहरा तांबडा झाला. "तोंड बगा पोरीचं! दिपकराव, ह्येच शिकवलं व्हय?"

"विहीणबाई, लहान आहे ती..."

"पप्पा, कुणी थोर माणूस सांगतो म्हणून मानायचं?" मी म्हटलं. "तुमचंच वाक्य आहे. तपासा की. हा लंगोट घ्या, तपासा."

मी कोरडा लंगोट त्यांच्या हातात दिला. त्यांची ती सुप्रसिद्ध मूठ खिशात गेली.

तेव्हा केराबाई बोलल्या. कुणाला उद्देशून नाही, पोरीच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत. "आमी बी सांडला बाई. चौघांचा. दोगं जगली."



"त्ये काय चिकामुळं गेली व्हय?" नागूबाई म्हणाल्या, पण आवाज खाली.

"काय म्हाईत. तवा कुणी इचारलंच न्हाय."

आणि ताई उठून बसली. मी लिहिलं असतं की ती गरजली, पण तिला गरजता येत नाही. ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "धम्मू, सिस्टरना बोलव. पळ. आणि आत्या, ते झाकण इकडं द्या. दूध माझं आहे."

नागूबाईंनी दिलं. त्यांना सुनेचा नकार ऐकायची सवयच नव्हती, त्यामुळे नाही म्हणायचं त्यांना सुचलं नसावं.

दाक्षायणी सिस्टर आल्या. बाळाच्या तळव्याला टिचकी मारली, मग जोरात मारली. टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन पट्टीवर लावला. मधाची बाटली बघितली. बोळा बघितला. त्यांचा चेहरा असा झाला की मलासुद्धा मागे सरकावंसं वाटलं.

"अय्यो, काल व्हय व्हय कोण म्हणत होतं? शिकलेली माणसं ना तुम्ही?" त्यांनी पप्पांच्या शर्टाकडे बघितलं. "बाळाची साखर खाली गेलीय. डॉक्टरांना बोलावते. आत्ताच्या आत्ता चीक पाजायचा. तासाभराने परत टोचून बघणार. चढली नाही, तर बाळ वरच्या मजल्यावर, काचेच्या पेटीत, नळी लावून. मग आईजवळ नाही."

ताईने बाळाला छातीशी धरलं. बाळाने तोंड उघडलंच नाही. ओढायची ताकदच नव्हती.

"हा झाकणातला देऊ का?" ताईने विचारलं.

"ह्या खरकट्या झाकणातला? टाका तो. ही उकळलेली वाटी, हा चमचा. ताजा काढा, थेंब थेंब पाजा."

ताईने काढायला घेतलं. अंगात रक्त आठ, बोटांत जोर नाही. दोन थेंब आले. मम्मीने प्रयत्न केला, ताई कळवळली. सिस्टरना पलीकडून हाक आली, त्या म्हणाल्या, "कुणाला जमतं ते बघा, पण थांबू नका!"

कुणाला जमतं? आम्ही सगळ्यांनी एकाच दिशेला बघितलं.

चाळीस वर्षं म्हशी पिळलेले हात त्या खोलीत एकाच बाईचे होते.

 नागूबाई उठल्या, बेसिनला गेल्या. मला वाटलं रागाने निघाल्या. पण त्यांनी साबण घेतला आणि कोपरापर्यंत हात धुतले, धार काढायच्या आधी धुतात तसे. परत येऊन खाटेवर बसल्या. "सर गं," मला म्हणाल्या, "लई उजेड पाडलास. वाटी धर आता."

मी वाटी धरली. त्यांची बोटं चालू झाली. ताईच्या कपाळावर आठी पडली नाही. पिवळा थेंब, पुन्हा थेंब, बघता बघता वाटीचा तळ झाकला. काल हेच हात हेच काम इतक्याच सफाईने करत होते. फक्त बेसिनसाठी.

"म्हशीचं येगळं आसतं," त्या मध्येच पुटपुटल्या. हे त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

ताईने चमच्याने बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यात एक थेंब सोडला. तो बाहेर ओघळला. दुसरा ओघळला. तिसऱ्याला गळ्यात काहीतरी हललं. पाचव्या का सहाव्या थेंबाला बाळाने जीभ बाहेर काढली, खरवस बघून पप्पा काढतात अगदी तश्शी. मम्मी रडायला लागली. डॉक्टर आले, बघून गेले, "चालू ठेवा" म्हणाले. आम्ही चालू ठेवलं. वॉर्डातल्या बायका आपापल्या खाटेवरून बघायलेल्या, क्रिकेटची शेवटची ओव्हर असावी तशा.

तासाभराने सिस्टरनी पुन्हा टाच टोचली. ह्या वेळी बाळाने असा टाहो फोडला की मला अभिमान वाटला. मावशीवर गेलीय.

"चढली," सिस्टर पट्टी बघून म्हणाल्या. "पेटी नको सध्या. आता अंगावर लावा. पण लघवी व्हायला पाहिजे. झाली की मला सांगा."

बाळ ताईच्या अंगावर लागलं. चुटूचुटू आवाज यायला लागला. नागूबाईंनी पदराने घाम पुसला आणि जरा बरं वाटल्यावर माणसं करतात तीच चूक केली. "हिचं आसू दे. पुढल्या वर्सी नातू झाला की त्याचं समदं सिस्टर म्हंत्यात तसंच करू."

"पुढल्या वर्षी काही नाही, आत्या," ताई बाळावरची नजर न हलवता म्हणाली. "मी तांबी बसवून घेतलीय. काल, बाळंत झाल्या झाल्या."

मम्मीच्या हातातला चमचा खाली पडला.

"कुणाला इचारून?"

"मला विचारलं सिस्टरनी. आठव्या महिन्यात. अंगात रक्त नाही, तीन वर्षं तरी दुसरं नको म्हणाल्या. मलाही नको होतं. सही माझी एकटीची लागते. मी केली."

"आन प्रदीप?"

"त्यांना फोनवर सांगितलंय. विचारलं नाही, सांगितलं."

मी ताईकडे बघत राहिले. काल ती खिडकीबाहेर बघायली होती तेव्हा तिच्या पोटात हे सगळं गुपित बसलेलं होतं, आणि मी तिची डिग्री टाकीत बुडवून घरी गेले होते. असो. चूक झाली. पण बाळाच्या बाबतीत तिने एक दिवस उशीर केला, हेही मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे मला. तू ओरडेपर्यंत माझ्या अंगात उठायची ताकद नव्हती गं."

नागूबाई पिशवी आवरायला लागल्या. आवरली, पुन्हा उघडली, पुन्हा आवरली. वैरागची एसटी तीनला होती, त्यांनी ती सोडली. खरवसाचा डबा उघडाच राहिला होता, झाकण कुठे गेलं कुणालाच माहीत नव्हतं. त्याला मुंग्या लागल्या होत्या. आमच्या घराण्यात पहिल्यांदाच शेवटच्या वडीवरून कुणी भांडलं नाही.

हवा तंग झाली की पप्पांना बाळं आठवतात. ते घाईघाईने म्हणाले, "आणा, आणा, आजोबांकडे आणा." पोट भरलेलं बाळ त्यांनी छातीशी धरलं आणि भाषणाच्या सुरात सुरुवात केली, "ह्या सगळ्यातून आपण काय शिकायचं, तर..."

आणि थांबले. पांढऱ्या कडक इस्त्रीच्या शर्टावर, खिशाच्या खालून थेट पट्ट्यापर्यंत, एक गरम ओला डाग पसरत गेला. त्यांच्या भाषणाला आजवर मिळालेलं हे सगळ्यात चोख उत्तर.

"ओला! ओला झाला!" मम्मी ओरडली. केराबाईंनी टाळी वाजवली. "सिस्टर!" मी अशी हाक मारली की बाहेरच्या चहावाल्यानेसुद्धा मान वळवली असेल. नागूबाईंनी पप्पांच्या हातातून बाळ ओढूनच घेतलं, लंगोट चाचपला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "हां. आता कुटं पोर माणसात आली." कोरडा लंगोट बांधताना त्यांनी मधाची बाटली उचलून पिशवीत तळाशी टाकली, कुणी बघत नाही असं समजून. मी बघितलं.

पप्पा संध्याकाळी तोच शर्ट घालून भाषणाला गेले. मूठ आपटली की नाही, माहीत नाही. मी गेले नव्हते. मी ताईच्या खाटेपाशी बसून ओले लंगोट मोजत होते. सातपर्यंत तीन झाले.